बोटाच्या चिमट्यातून येणारी लाट: शस्त्रक्रिया चालू असताना आपण ती खरोखर वाचतो का?

भूलतज्ज्ञ_इंदूर (धागाकर्ती)

मी गेली २२ वर्षे इंदूरमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. एकाच रुग्णालयाशी बांधलेली नसल्यामुळे सकाळ राजवाड्याजवळच्या एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये, तर संध्याकाळ विजयनगरला जाते, आणि प्रत्येक ठिकाणी मॉनिटर निराळ्या कंपनीचा असतो. या सगळ्या पडद्यांवर एक गोष्ट मात्र हटकून असते, ती म्हणजे रुग्णाच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातून येणारी नाडीची लाट. आम्ही तिला नुसते ‘प्लेथ’ म्हणतो. तिच्या शेजारी ऑक्सिजनचा आकडा मोठ्या अक्षरांत झळकत असतो आणि थिएटरमधल्या सगळ्यांचे लक्ष त्या आकड्याकडे असते. लाट आहे की नाही एवढे पाहिले की काम झाले, असे समजले जाते. माझे म्हणणे असे आहे की भुलेखालच्या रुग्णाविषयी त्या आकड्यापेक्षा ही लाट पुष्कळ जास्त सांगते. मात्र पडद्यावर येण्यापूर्वी मशिनने तिच्यावर काय काय केले आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

एक प्रसंग सांगते. देवासकडचे सत्तरीतले एक शेतकरी आजोबा आतड्याला पीळ पडल्यामुळे रात्री अकराच्या सुमारास टेबलावर आले. दोन दिवसांच्या उलट्यांनी शरीरातले पाणी आटले होते. वेळ फार नव्हता, तरी सलाईन देऊन आम्ही त्यांना जमेल तितके सावरले होते. भूल दिली, व्हेंटिलेटर सुरू केला, पोट उघडले. ऑक्सिजन ९९, वरचा रक्तदाब ११४. कागदावर लिहायला सगळे ठीक होते. पण लाटेकडे पाहिले तर दोन-तीन ठोके उंच, मग दोन-तीन ठोके बुटके, पुन्हा उंच, असा झोका चालला होता आणि तो व्हेंटिलेटरच्या श्वासाशी बरोबर जुळत होता. त्या मॉनिटरवर या झोक्याचे मापही दिसते, ते २३ टक्के होते. मी अडीचशे मिलिलिटर सलाईन दहा मिनिटांत सोडले. ते चालू असतानाच दंडावरच्या रक्तदाबाच्या पट्ट्याने पुढची मोजणी केली आणि दाब ९६ निघाला. सलाईन संपेपर्यंत झोका १२ टक्क्यांवर आला, आणि त्यानंतरच्या मोजणीत दाब पुन्हा ११०च्या वर गेला होता. पट्टा दर पाच मिनिटांनी बोलत होता. लाट प्रत्येक ठोक्याला बोलत होती.

झोका का पडतो, तेही सांगते. आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो. व्हेंटिलेटर मात्र हवा आत ढकलतो, त्यामुळे तो वाढतो. वाढलेल्या दाबाने हृदयाच्या उजव्या बाजूला परतणारे रक्त क्षणभर अडते आणि दोन-चार ठोक्यांनी डाव्या बाजूतून बाहेर पडणारे रक्तही घटते. शरीरात द्रव पुरेसा असेल तर हा फरक जेमतेम जाणवतो. रक्तवाहिन्या रिकाम्या असतील तर तोच फरक बोटापर्यंत पोहोचतो.

इथे डॉक्टरांइतकेच इंजिनिअर आणि रुग्णांचे नातेवाईकही आहेत. लाटेविषयी तुमचे अनुभव, शंका आणि मतभेद सविस्तर लिहावेत, ही विनंती.

संकेतवाचक

ताई, मी या उपकरणांच्या संकेतप्रक्रियेवर काम करतो, म्हणून चिमट्याच्या आतली बाजू मांडतो.

चिमट्यात दोन दिवे असतात: एक सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. बोटाच्या पलीकडे प्रकाश मोजणारा डोळा असतो. त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाचा फार मोठा भाग स्थिर असतो, कारण कातडी, हाड, मांस आणि शिरांमधले रक्त प्रकाश एकसारखा शोषत असतात. हृदयाच्या ठोक्यासरशी धमनीतून रक्त येते आणि तेवढ्यापुरता प्रकाश किंचित कमी होतो. हा बदलता भाग एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो. ऑक्सिजनयुक्त रक्त तांबडा प्रकाश कमी आणि अवरक्त जास्त शोषते, तर ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताचे याच्या उलट असते. म्हणून दोन्ही रंगांतल्या बदलत्या भागांचे त्यांच्या स्थिर भागांशी असलेले प्रमाण काढून, त्या दोन प्रमाणांचे गुणोत्तर घेतले की ऑक्सिजनचा अंदाज करता येतो. हे गुणोत्तर १ आले तर आकडा साधारण ८५ दिसतो. गुणोत्तरावरून आकडा काढायचा तक्ता निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, साधारण ७० टक्क्यांपर्यंत उतरवून तयार केलेला असतो. त्याखालचे आकडे पुढे ताणून काढलेले असतात.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही जी लाट पाहता ती कच्ची नसते. मशिन तिच्यातले अतिसंथ चढउतार गाळून टाकते, त्यामुळे श्वासाबरोबर होणारी संपूर्ण पातळीची हालचाल बरीचशी नाहीशी होते आणि ठोक्यांच्या उंचीतला फरक तेवढा उरतो. शिवाय लाट लहान झाली की मशिन ती आपोआप मोठी करून पडदाभर दाखवते. लाटेच्या दिसणाऱ्या उंचीवर विसंबणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवावे.

भूलतज्ज्ञ_इंदूर

संकेतवाचक, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांची किंमत मी मोजलेली आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मांडीच्या हाडाची एक लांबलेली शस्त्रक्रिया चालू होती. इंदूरची थंडी, त्यात थिएटरचा एसी, आणि रुग्णाच्या अंगावर ओलसर झालेली कापडे. लाट पडद्यावर भरघोस दिसत होती, म्हणून मी निश्चिंत होते. पर्फ्युजन इंडेक्स, म्हणजे तुम्ही सांगितलेले बदलत्या आणि स्थिर भागांचे प्रमाण, कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसत होते. अर्ध्या तासात ते १.८ वरून ०.३ वर आले होते आणि मी ते पाहिले नव्हते. सिस्टरांनी पाय ठेवायला जागा करताना कापड उचलले, तेव्हा खाली साचलेले रक्त दिसले. रुग्ण वाचला. चूक माझी होती. बोटातल्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे खरी लाट सहापटीने खुजी झाली होती आणि मशिनने ती सहापटीने मोठी करून मला दाखवली होती. तेव्हापासून कोणत्याही नव्या मॉनिटरवर मी सर्वांत आधी हा बारीक आकडा शोधते, आणि लाटेचे आपोआप मोठे होणे बंद करता येत असेल तर बंद करते.

जुने_प्राध्यापक

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. प्रकाशाने नाडी टिपण्याची कल्पना किती जुनी आहे, हे नव्या पिढीला माहीत असावे म्हणून लिहितो. अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७ च्या सुमारास बोटावर प्रकाश टाकून रक्ताच्या आवकीतला फरक नोंदवला होता. नाडीच्या लाटेवरून ऑक्सिजन मोजण्याची युक्ती मात्र जपानमधील निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. ते खरे पाहता कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, रक्तात सोडलेल्या रंगाच्या साहाय्याने हृदय किती रक्त बाहेर टाकते ते मोजत होते. त्या मोजणीत नाडीची धडधड सारखी आडवी येई. ती काढून टाकण्यासाठी त्यांनी दोन तरंगलांबींचा हिशेब बसवला, आणि ऑक्सिजन बदलला की हा हिशेब बिघडतो असे त्यांच्या ध्यानात आले. जी धडधड अडथळा म्हणून नकोशी होती, तीच मोजणीचा पाया झाली. आओयागी २०२० मध्ये वारले. त्याच वर्षी घरोघरी लोक त्यांचे यंत्र बोटाला लावून बसले होते.

ताईंच्या विवेचनात मी एक भर घालतो. लाटेच्या उतरणीवर एक खाच असते, तिच्याकडेही पाहावे. भुलेमुळे रक्तवाहिन्या सैल पडल्या की लाट उंच होते आणि खाच तळाकडे सरकते. वाहिन्या आकसल्या की लाट खुजी होते आणि खाच शिखराच्या दिशेने वर चढते. आकडा दोन्ही वेळा ९९ च असू शकतो.

शल्यविशारद

मी सर्जन आहे, पडद्याकडे पाठ करून काम करतो. मला मॉनिटर फक्त ऐकू येतो. आकडा उतरला की ठोक्याचा स्वरही खाली उतरतो, हे ज्याने केले त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. माझी शंका वेगळी आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली गाठ शोधण्यासाठी आम्ही निळा रंग टोचतो. एकदा मेथिलीन ब्लू दिल्यावर मिनिटाभरात स्वर भराभर उतरला, आकडा ८०च्या घरात आला आणि सगळे थिएटर थांबले. भूलतज्ज्ञांनी मात्र लाटेकडे आणि रुग्णाच्या ओठांकडे पाहून ‘चालू ठेवा’ म्हटले. काही मिनिटांत आकडा आपोआप वर आला. त्यांनी एवढ्या खात्रीने कसे सांगितले?

भूलतज्ज्ञ_इंदूर

सर, मेथिलीन ब्लू साधारण ६६८ नॅनोमीटरला प्रकाश सर्वांत जास्त शोषतो, म्हणजे चिमट्यातल्या तांबड्या दिव्याच्या अगदी शेजारी. तांबडा प्रकाश अडला की यंत्राला वाटते, रक्तात ऑक्सिजन नाही. रुग्णाला काहीच झालेले नसते. त्या वेळी लाटेचा आकार आणि उंची जशीच्या तशी होती, व्हेंटिलेटरचा दाब बदलला नव्हता, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पूर्वीइतकाच होता आणि आकडा नेमका रंग टोचल्यावर घसरला होता. या चार गोष्टी एकत्र आल्यावर तसे म्हणता येते. तरीही शंका उरली तर धमनीतले रक्त तपासायला पाठवावे.

याच्या उलट फसगत जास्त घातक असते. धुरात सापडलेल्या रुग्णाच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइड या दोन दिव्यांना ऑक्सिजनसारखाच दिसतो. आकडा छान असतो आणि शरीर गुदमरत असते.

कॉटरीविषयी, म्हणजे विजेने ऊती कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या तुमच्या उपकरणाविषयी, थोडक्यात सांगते: तुम्ही पेडल दाबले की लाट विस्कटते, आणि तेवढ्या काळातला आकडा मी विचारात घेत नाही.

रामबागची_मुलगी

मी डॉक्टर नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. परवाच मावसबहिणीचे लग्न झाले, त्यामुळे तिच्या दोन्ही हातांना बोटांच्या टोकांपर्यंत मेंदी आहे. शिवाय तिचा वर्ण सावळा आहे. हा धागा वाचून मला काळजी वाटू लागली आहे. लाट नीट येईल ना?

भूलतज्ज्ञ_इंदूर

बाळ, काळजी करू नकोस. मात्र मेंदीची गोष्ट भूलतज्ज्ञांना आधी सांग. आपल्या नेहमीच्या तांबूस मेंदीने सहसा अडत नाही. काळ्या, गडद मेंदीने प्रकाश अडू शकतो. नेलपॉलिश असेल तर ते घरीच काढून टाका. बोटावर लाट चांगली येत नसेल तर चिमटा कानाच्या पाळीला लावता येतो, आणि कानात तर बदल बोटापेक्षा लवकर कळतो.

वर्णाविषयीची तुझी शंका रास्त आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिमट्यावर ९२ ते ९६ आकडा दिसत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. म्हणजे गडद त्वचेवर यंत्र कधीकधी वास्तवापेक्षा बरा आकडा दाखवते. आपल्याकडच्या माणसांच्या त्वचेत किती छटा आहेत ते तू घरातच पाहतेस. म्हणून सावळ्या रुग्णाचा आकडा ९३-९४ असेल तर मी समाधान मानत नाही. तुझ्या आईच्या शस्त्रक्रियेत ऑक्सिजन मुळात भरपूर दिला जातो, त्यामुळे आकडा सहसा त्या उंबरठ्याच्या बराच वर असतो. निर्धास्त जा.

संकेतवाचक

ताई, आता मी जरा वादाचा विषय काढतो. भुलेखालचा रुग्ण बोलू शकत नाही, तरी शस्त्रक्रियेचा ताण त्याच्या शरीराला जाणवत असतो. तो लाटेवरून मोजण्यासाठी सर्जिकल प्लेथ इंडेक्स नावाचा निर्देशांक आहे. २००७ मध्ये मांडलेले त्याचे सूत्र सुटसुटीत आहे: लाटेच्या उंचीला ०.७ आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराला ०.३ असे वजन द्यायचे आणि बेरीज १०० मधून वजा करायची. अर्थात ही दोन्ही मापे आधी त्या त्या रुग्णाच्या प्रमाणात बसवून घेतलेली असतात. वेदनेचा ताण आला की वाहिन्या आकसतात, नाडी जलद होते आणि आकडा १०० कडे सरकतो. साधारण २० ते ५० च्या दरम्यान तो राखावा असे म्हणतात. लाटेतून एवढे निघत असताना वेदनाशामक औषध अंदाजाने का द्यावे?

भूलतज्ज्ञ_इंदूर

सूत्र सुटसुटीत आहे हेच मला खटकते. नाडी मंद झाली म्हणून मी ॲट्रोपिन दिले की ठोके जलद होतात आणि रुग्णाला वेदना नसतानाही निर्देशांक वर जातो. रुग्ण बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारे औषध, घेत असेल किंवा त्याला पेसमेकर असेल तर सूत्राचा एक पाय आधीच लंगडा असतो. टेबल डोक्याकडून खाली केले, तरी आकडा हलतो. रक्तस्रावानेही वाहिन्या आकसतात, आणि तेव्हा वेदनाशामक वाढवणे ही घोडचूक ठरेल. चढता निर्देशांक पाहून मी आधी विचारते की सर्जनने आत्ता काय केले. चीर दिली, आतडे ओढले, असे काही असेल तर औषध देते. काहीच केले नसेल तर कारण दुसरीकडे शोधते. निर्देशांक उपयोगी आहे. तो वेदना मोजतो, हे मात्र मला मान्य नाही. वेदनेने जे बदलते आणि इतरही दहा कारणांनी जे बदलते, ते तो मोजतो.

याच न्यायाने झोक्याच्या मापावरही मर्यादा आहेत. साधारण १३-१४ टक्क्यांच्या वरचा झोका द्रव दिल्यास फायदा होईल असे सुचवतो, पण त्यासाठी रुग्ण पूर्णपणे व्हेंटिलेटरवर हवा, दर श्वासाला किलोमागे निदान ८ मिलिलिटर हवा जात असावी, ठोके नियमित असावेत आणि शस्त्रक्रियेसाठी छाती उघडलेली नसावी. ठोके अनियमित असतील तर प्रत्येक ठोका आपल्या मर्जीने उंच किंवा बुटका येतो. तिथे झोका मोजण्यात अर्थ नाही.

लाट मला सर्वांत विश्वासाची वाटते ती स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल, देताना. औषध लागू पडले की पायाकडच्या रक्तवाहिन्या सैल होतात. अशा वेळी चिमटा पायाच्या अंगठ्याला लावून पाहावा. रुग्णाला पाय जड झाल्याचे सांगता येण्याआधीच पर्फ्युजन इंडेक्स वर चढू लागतो. सिझेरियनच्या आधी हाताच्या बोटावर हा इंडेक्स ३.५ च्या वर असेल तर स्पायनलनंतर रक्तदाब कोसळण्याची शक्यता जास्त असते, असे २०१३ च्या एका जपानी अभ्यासात दिसले. अशा गरोदर बाईसाठी मी रक्तदाब वाढवणारे औषध सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवते.

जुने_प्राध्यापक

एक अप्रिय प्रश्न विचारावा लागेल. १९९३ मध्ये डेन्मार्कमधून २०,८०२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना ऑक्सिमीटर लावला, अर्ध्यांना नाही. ऑक्सिजन घटल्याचे निदान ऑक्सिमीटरच्या गटात ७.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.४ टक्के रुग्णांत झाले. पण शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत लक्षणीय फरक दिसला नाही. मग आपण लाटेचे एवढे कौतुक का करावे?

भूलतज्ज्ञ_इंदूर

सर, ती चाचणी मी विद्यार्थिदशेत वाचली आणि तेव्हा फार अस्वस्थ झाले होते. भुलेचे गंभीर अपघात इतके विरळ आहेत की २०,००० रुग्णांतही फरक सिद्ध करणे अवघड जाते. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, एका गटात निदान सुमारे १९ पट झाले, याचा अर्थ दुसऱ्या गटात ते प्रसंग घडत होते आणि कोणाला दिसत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या यादीत ऑक्सिमीटर घातला, तो याच विचाराने. आपला प्रश्न तरीही उभा राहतो, कारण लाटेवरून काढलेल्या प्रत्येक नव्या निर्देशांकाला तोच प्रश्न विचारायला हवा: त्याने रुग्णाचे काय भले झाले? मी इथे सांगितलेले प्रसंग हा त्याचा पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे.

शोधछात्र

मी एम.टेक.चा विद्यार्थी आहे. सेऊलच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने व्हायटलडीबी नावाचा ६,३८८ शस्त्रक्रियांचा नोंदसंग्रह खुला केला आहे. त्यातल्या प्लेथच्या लाटेवरून रक्तदाब कोसळणार असल्याचे काही मिनिटे आधी सांगणारे संगणकीय मॉडेल मी बनवत आहे. लाटेचे १० सेकंदांचे तुकडे करून, ते मिसळून, ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला घेतले, तेव्हा अचूकता ९६ टक्के आली. पुढे इंदूरमधल्या रुग्णांच्या लाटा नोंदवण्याचा विचार आहे.

संकेतवाचक

त्या ९६ वर आनंद मानू नका. तुकडे मिसळल्यामुळे एकाच रुग्णाचे काही तुकडे शिकवण्यात आणि काही तपासणीत गेले आहेत. मॉडेल रक्तदाब शिकले नसून माणूस ओळखायला शिकले असण्याची शक्यता दाट आहे. आधी रुग्णांची विभागणी करा, मग तुकडे पाडा. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल.

भूलतज्ज्ञ_इंदूर

मी थिएटरमधली बाजू सांगते. नोंदीत दर पाच मिनिटांनी लाट सपाट झालेली दिसली तर आधी पाहा की बीपीचा पट्टा चिमट्याच्याच हाताला बांधला होता का. पट्टा फुगला की बोटाचे रक्त थांबते, लाट नाहीशी होते आणि पट्टा सैल पडताना पुन्हा उगवते. हे न कळता तुमच्या मॉडेलने ‘सपाट लाट, मग लगेच रक्तदाबाची नोंद’ हीच खूण पाठ केली तर ते प्रत्येक वेळी बरोबर येईल आणि कोणत्याही रुग्णाच्या उपयोगाचे नसेल.

इंदूरमध्ये नोंदी घेणार असाल तर नैतिक समितीची मंजुरी आणि रुग्णांच्या लेखी संमतीचा मसुदा तयार करून मला निरोप पाठवा. मी जिथे काम करते तिथल्या दोन ठिकाणी विचारून पाहीन. तुमच्या तक्त्यात चिमटा कोणत्या हाताच्या कोणत्या बोटाला होता, पट्टा कुठे होता, थिएटरचे तापमान किती होते, लाटेचे आपोआप मोठे होणे चालू होते की बंद, आणि रक्तदाब वाढवणारे औषध किती वाजता दिले, यांचे रकाने आजच घाला. औषधाची वेळ मिनिटांत नको, सेकंदांत हवी. माझ्या शेजारी उभे राहून ती तुम्हालाच लिहावी लागेल, कारण त्या क्षणी माझे दोन्ही हात गुंतलेले असतात.